संगमावरचे शेजारी : ग्रनोब्लच्या संरचनात्मक जीवशास्त्र भागीदारीची जडणघडण

फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्सच्या पायथ्याशी ग्रनोब्ल शहर आहे. शहराच्या वायव्येला द्राक आणि इझेर या नद्यांचा संगम होतो. त्या दोघींच्या बेचक्यात जी लांबट जमीन सापडली, ती पूर्वी फ्रेंच सैन्याची तोफांच्या सरावाची जागा होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी प्रतिकार चळवळीतल्या कैद्यांना इथेच आणून गोळ्या घातल्या, म्हणून या भागातून जाणाऱ्या रस्त्याला हुतात्म्यांचे नाव आहे. आज त्याच रस्त्यावर ७१ क्रमांकाच्या फाटकाच्या आत एक अणुभट्टी आहे, ८४४ मीटर परिघाचे सिंक्रोट्रॉनचे कडे आहे आणि त्यांच्या मधल्या जागेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. आयएलएल, ईएमबीएल, ईएसआरएफ आणि आयबीएस या इथल्या चार संस्था. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी एका सामंजस्य करारावर सह्या केल्या. त्या करारातून जी व्यवस्था उभी राहिली तिचे नाव 'पार्टनरशिप फॉर स्ट्रक्चरल बायोलॉजी', रोजच्या बोलण्यात पीएसबी. तिचा हा इतिहास.

सुरुवात मात्र २००२ च्या बरीच आधी करावी लागते. लुई नेल हे स्ट्रासबुर्गला प्राध्यापक होते. १९४० मध्ये फ्रान्स पडला, स्ट्रासबुर्ग जर्मनीच्या ताब्यात गेले आणि नेल ग्रनोब्लला आले. युद्ध संपल्यावर ते परत जातील असे अनेकांना वाटले असेल, पण ते राहिले. १९५६ मध्ये त्यांनी या संगमावरच्या जमिनीवर फ्रेंच अणुऊर्जा आयोगाचे केंद्र उभे केले, आणि १९७० मध्ये त्यांना चुंबकत्वावरच्या कामासाठी नोबेल मिळाले. जर्मनीच्या बाजूला म्युनिकचे हाइन्झ मायर-लाइब्निट्झ होते. या दोघांच्या आग्रहातून १९ जानेवारी १९६७ रोजी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी एक सामाईक अणुभट्टी उभारण्याचा करार केला. वीज तयार करणे हा तिचा हेतू नव्हता. केवळ न्यूट्रॉनचे झोत मिळवायचे आणि त्यांनी पदार्थाच्या आत काय आहे ते बघायचे, एवढ्यासाठी ती होती. या संस्थेला, म्हणजेच आयएलएलला, माक्स फॉन लाउए आणि पॉल लांजव्हँ अशी दोन नावे दिली गेली, एक जर्मन, एक फ्रेंच. लाउए नाझींना न मानणारे जर्मन. लांजव्हँ यांना १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिसमध्ये अटक केली होती. ज्या जमिनीवर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गोळ्या चालल्या तिथे ही जोडी ठेवण्यामागे विचार असणारच.

भट्टी १९७१ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ५८ मेगावॉटच्या पूर्ण क्षमतेला पोचली. १९७३ मध्ये ब्रिटनही आत आला. तोपर्यंत ही भौतिकज्ञांची जागा होती. जीवशास्त्र तिथे शिरले ते हायड्रोजनमुळे.

हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण पुढच्या सगळ्या सहकार्याचे बी इथे आहे. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे तो त्यांना जवळजवळ दिसत नाही. न्यूट्रॉनला मात्र अणूचे केंद्रक दिसते, आणि तिथे हायड्रोजन व त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हायड्रोजनची न्यूट्रॉन विखुरण्याची लांबी उणे ३.७४ फेम्टोमीटर, ड्यूटेरियमची अधिक ६.६७. एकाची खूण उणे, दुसऱ्याची अधिक. म्हणजे साध्या पाण्यात ड्यूटेरियमचे जड पाणी किती मिसळायचे हे आपल्या हातात ठेवले, तर रेणूचा कोणता भाग दिसावा आणि कोणता लपावा हेही आपल्या हातात येते. सुमारे ४० टक्के जड पाण्यात प्रथिने पार्श्वभूमीत विरघळून गेल्यासारखी होतात आणि उरते ते फक्त डीएनए किंवा आरएनए. ७० टक्क्यांच्या आसपास नेमके उलटे होते. काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते, तसाच हा खेळ.

विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेले न्यूक्लिइक आम्ल. अशा दोन पदार्थांच्या रेणूसाठी ही पद्धत फार सोयीची. १९७० च्या दशकात ग्रनोब्लच्या न्यूट्रॉनांनी न्यूक्लिओसोम या गुणसूत्रातल्या मण्याचीही तपासणी झाली, आणि डीएनए आत नसून प्रथिनांच्या गाभ्याभोवती बाहेरून गुंडाळलेला आहे या चित्राला बळ मिळाले. त्याचा स्फटिक अणूपर्यंत उलगडायला पुढे वीस वर्षे गेली.

युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरी, म्हणजे ईएमबीएल, ही १९७४ मध्ये जॉन केंड्र्यू यांच्या नेतृत्वाखाली हायडेलबर्गला सुरू झाली. केंड्र्यू हे मायोग्लोबिनची रचना शोधणारे. मोठ्या यंत्रापाशी जीवशास्त्रज्ञ बसले पाहिजेत, यंत्र त्यांच्याकडे येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून एक शाखा हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनपाशी आणि दुसरी, १९७५ मध्ये, ग्रनोब्लच्या भट्टीपाशी काढली गेली. ग्रनोब्लच्या शाखेला आकार दिला बेर्नार झाक्रो यांनी. हे मूळचे न्यूट्रॉनचे भौतिकज्ञ. भट्टी उभी राहण्याच्या खटपटीत ते होतेच, आणि मग त्यांनी विषाणूशास्त्र शिकायला घेतले. १९७७ मध्ये छोट्या गोल विषाणूंवरचा त्यांचा न्यूट्रॉन अभ्यास 'नेचर'मध्ये आला. पन्नाशीकडे झुकलेला भौतिकज्ञ टोमॅटोच्या विषाणूत रमतो, ही गोष्ट संस्थांच्या इतिहासात सहसा तळटीप म्हणून येते. माझ्या मते ती मथळ्यात हवी. पीएसबी ही कल्पना कागदावर येण्याआधी अशा काही माणसांच्या डोक्यात ती होऊन गेली होती. जो झक्काई हे असेच दुसरे: भौतिकशास्त्रातून आलेले, मृत समुद्रातल्या खारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची प्रथिने त्या मिठात टिकतात कशी, याचा न्यूट्रॉनने माग काढत राहिलेले.

आता ईएसआरएफकडे, म्हणजे त्या सिंक्रोट्रॉनच्या कड्याकडे, येऊ. युरोपने मिळून एक मोठा क्ष-किरण स्रोत बांधायचा हे ठरल्यावर तो कुठे बांधायचा यावर वाद झाला. स्ट्रासबुर्गला आश्वासन मिळाले आहे असे सगळे धरून चालले होते. १९८४ मध्ये फ्रान्स व जर्मनीने ग्रनोब्लचे नाव जाहीर केले आणि स्ट्रासबुर्गमध्ये संतापाची लाट उसळली. ग्रनोब्लच्या बाजूने सांगितला जाणारा मोठा मुद्दा हाच की तिथे न्यूट्रॉनची भट्टी आधीच आहे. एका आवारात दोन्ही असले तर शास्त्रज्ञांची सोय. नेल स्ट्रासबुर्गहून आले, सिंक्रोट्रॉनही स्ट्रासबुर्गच्या हातचे गेले. पुढे १९९२ मध्ये अणुऊर्जा आयोग आणि सीएनआरएस हे फ्रान्सचे राष्ट्रीय संशोधन केंद्र यांनी मिळून ग्रनोब्लमध्ये संरचनात्मक जीवशास्त्राची फ्रेंच संस्था, म्हणजे आयबीएस, काढली तेव्हा तिला नाव दिले झाँ-पिएर एबेल यांचे, आणि एबेल स्ट्रासबुर्गचे नामवंत जीवरसायनज्ञ. स्ट्रासबुर्गकरांना हा मान वाटला की जखमेवर मीठ, कोण जाणे.

डिसेंबर १९८८ मध्ये ११ देशांनी ईएसआरएफच्या करारावर सह्या केल्या आणि १९९४ मध्ये १५ बीमलाइन, म्हणजे झोत प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटा, घेऊन ते वापरकर्त्यांसाठी उघडले. योगायोग असा की १९९१ ते १९९५ या काळात शेजारची अणुभट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. तिचे मुख्य पात्रच बदलावे लागले. न्यूट्रॉनवर पोट असलेल्या ईएमबीएलच्या शाखेने या काळात क्ष-किरण स्फटिकशास्त्राकडे मोहरा वळवला. तशी पायवाट आधीच पडली होती. १९९० मध्ये स्टीफन क्यूसॅक आणि सहकाऱ्यांनी सेरिल-टीआरएनए सिंथेटेज या विकराची रचना उलगडून या कुळात एक पूर्ण वेगळा वर्ग आहे हे दाखवून दिले होते. क्यूसॅक १९८९ पासून शाखेचे प्रमुख होते आणि पुढची तीन दशके राहिले.

ईएसआरएफचा पहिला मोठा जीवशास्त्रीय डंका वाजला तो १९९७ मध्ये. आयबीएसच्या एव्हा पेबे-पेरूला यांनी बाझेलच्या सहकाऱ्यांबरोबर बॅक्टिरिओर्होडॉप्सिन या पेशीपटलातल्या प्रथिनाची रचना मांडली. स्फटिक केसाच्या जाडीहूनही लहान होते. असले स्फटिक घेऊन जगात दुसरीकडे कुठे जावे असा प्रश्न होता. ईएसआरएफच्या आयडी१३ या बारीक झोताच्या बीमलाइनवर त्यांचे मोजमाप झाले. दहा वर्षांनी अमेरिकेच्या ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने अॅड्रेनलिनच्या ग्राहीची पहिली रचना काढली, तीही याच बीमलाइनवर, आणि २०१२ चे नोबेल त्या वाटेने आले.

म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगमावर सगळे काही होते. जगातला सर्वांत प्रखर न्यूट्रॉन स्रोत, युरोपातला सर्वांत प्रखर क्ष-किरण स्रोत, एनएमआरची (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाची) मोठी यंत्रे, विषाणूशास्त्रज्ञ, स्फटिकशास्त्रज्ञ. एकच गोष्ट नव्हती. हे सगळे एकमेकांचे शेजारी होते, पण एकत्र काम करण्याची सवय संस्थांना नव्हती.

त्याला कारणेही होती, आणि ती कोणाच्या तुसडेपणाची नव्हती. ईएमबीएल ही सरकारांमधल्या करारावर उभी असलेली आंतरराष्ट्रीय संस्था. आयएलएल आणि ईएसआरएफ या फ्रेंच कायद्याखाली नोंदवलेल्या खाजगी कंपन्या, भागधारक वेगवेगळ्या देशांचे. आयबीएस हे फ्रेंच सरकारी संशोधन केंद्र.  ईएमबीएलमध्ये नऊ वर्षांनी बाहेर पडावे लागते हा दंडक. आयबीएसमधला सीएनआरएसचा शास्त्रज्ञ कायम सरकारी नोकर. भट्टी ही आण्विक सुविधा, तिच्या दाराशी ओळखपत्र, किरणोत्सर्ग मोजण्याची पट्टी आणि परवानगीची रांग. आयबीएस तर फाटकाच्या बाहेर, अणुऊर्जा केंद्राच्या बाजूला. एक प्रथिन आयबीएसमध्ये बनवायचे, ईएमबीएलमध्ये त्याचा स्फटिक करायचा, ईएसआरएफमध्ये मोजायचा आणि शंका उरली तर आयएलएलमध्ये न्यूट्रॉन टाकायचे, हे तोंडाने बोलायला सोपे. कागदावर प्रत्येक पायरीला वेगळा अर्ज, वेगळा विमा, वेगळे खरेदीखाते.

आणि खरी अडचण कागदाचीही नव्हती. यंत्रे वेगाने पुढे गेली होती. अडत होते ते प्रथिन. १९८० च्या दशकात एका स्फटिकाचे मोजमाप करायला आठवडे लागत. २००० मध्ये ईएसआरएफवर ते काही मिनिटांत होऊ लागले. पण त्या मिनिटांसाठी लागणारा स्फटिक तयार व्हायला मात्र वर्षे जात. झोत तयार, शास्त्रज्ञ तयार, नळीत मात्र प्रथिनाचा गोळा होऊन खाली बसलेला. ज्यांनी असे काम केले आहे त्यांना हे दृश्य नव्याने सांगायला नको.

ईएसआरएफचे संशोधन संचालक राहिलेले स्वीडनचे कार्ल-इवार ब्रॅन्डेन यांनी ही कोंडी लवकर ओळखली होती. प्रथिनांच्या रचनेवरचे त्यांचे आणि जॉन टूझ यांचे पाठ्यपुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांनी वाचले आहे. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन यंत्रांच्या अलीकडची कामे, म्हणजे जनुक कापणे, प्रथिन वाढवणे, शुद्ध करणे, स्फटिक करणे, ड्यूटेरियम भरणे, एका छताखाली करावीत ही पीएसबीमागची कल्पना. नोव्हेंबर २००२ मध्ये सह्या झाल्या. चारही संस्थांनी आपापली ओळख आणि आपापली पगारपत्रके कायम ठेवली, नवी संस्था काढली नाही, नवा संचालक नेमला नाही. मला यातच खरे शहाणपण दिसते. नवी संस्था काढली असती तर पाचवे कुंपण तयार झाले असते.

एकत्र येण्यासाठी इमारत मात्र लागली. जानेवारी २००६ मध्ये ती उघडली. ब्रॅन्डेन २००४ मध्ये वारले होते. इमारतीला त्यांचेच नाव देण्यात आले. तिच्यात ईएमबीएलची स्फटिकीकरणाची आणि आयएलएल-ईएमबीएलची ड्यूटेरियम प्रयोगशाळा शेजारी शेजारी आल्या. पुढच्या वर्षी विषाणू आणि यजमान पेशी यांच्यावर काम करणारे एक सामाईक केंद्रही तिथेच सुरू झाले, ईएमबीएल, सीएनआरएस आणि ग्रनोब्लचे विद्यापीठ अशा तिघांचे मिळून. त्याचे प्रमुख रॉब रुइग्रोक. रुइग्रोक आधी ईएमबीएलमध्ये होते. एका संस्थेतून दुसरीत गेलेली माणसे हेच खरे तर या भागीदारीचे सांधे ठरले.

या इमारतीतल्या दोन-तीन कामांकडे जवळून पाहण्यासारखे आहे. ड्यूटेरियमच्या प्रयोगशाळेत जिवाणू जड पाण्यात वाढवतात. जिवाणूंना ते मानवत नाही. साध्या पाण्यातून उचलून थेट जड पाण्यात टाकले तर ते कुथत राहतात. म्हणून त्यांना पायरीपायरीने सवय लावावी लागते, आणि तरीही त्यांची वाढ मंदच राहते. पण त्यातून निघणारे प्रथिन न्यूट्रॉनसाठी सोन्यासारखे, कारण त्यातला हवा तो भाग दिसता किंवा लपता करता येतो. स्फटिकीकरणाच्या दालनात यंत्रमानव नॅनोलिटरांत मोजले जाणारे थेंब ९६ खणांच्या तबकांत टाकतात आणि कॅमेरे त्यांच्यावर दिवसांमागून दिवस नजर ठेवतात. पुढे फ्लोराँ सिप्रियानी आणि होसे मार्केस यांच्या गटांनी स्फटिक पातळ पडद्यावरच वाढवायचे आणि लेझरने तो पडदा कापून स्फटिक उचलायचा अशी तऱ्हा काढली. सूक्ष्मदर्शकाखाली श्वास रोखून, बारीक फासात स्फटिक पकडण्याचे जे काम वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या हातच्या कौशल्यावर चालत होते, ते त्यामुळे टळले. सिप्रियानींचाच त्याआधीचा एक वाटा आहे, जो बाहेरच्यांच्या लक्षात येणार नाही. स्फटिक बसवायच्या पिनची लांबी किती असावी? २२ मिलिमीटर. हे युरोपात एकदा ठरले, आणि त्यामुळे नमुने बदलणारा यंत्रमानव, ज्याच्या टाकीत द्रवरूप नायट्रोजनमध्ये ५० नमुने बसत, कोणाचाही स्फटिक कोणत्याही बीमलाइनवर चढवू लागला. सहकार्यावरच्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा या २२ मिलिमीटरने जास्त काम केले, असे मी धाडसाने म्हणेन.

तिसरे काम डॅरेन हार्ट यांच्या गटाचे. प्रथिन संपूर्ण बनत नसेल तर त्याचा नीट घडी पडणारा तुकडा शोधावा लागतो. पण कुठे कापायचे? हार्ट यांनी अंदाज बांधणे सोडून दिले. जनुक टोकांकडून आडवेतिडवे, हजारो वेगवेगळ्या लांबीत कापायचे, प्रत्येक तुकडा एकेका जिवाणू वसाहतीत घालायचा, आणि कोणत्या वसाहतीत विरघळणारे प्रथिन तयार होते ते यंत्रमानवाने तपासायचे. हजारोंतून मूठभर निघतात. पण ती मूठभर पुरतात.

पुरतात म्हणजे काय, ते फ्लूच्या विषाणूने दाखवले. या विषाणूला आपल्या आरएनएच्या टोकाला लागणारी 'टोपी' स्वतः करता येत नाही. म्हणून तो यजमान पेशीच्या आरएनएची टोपी, मागच्या दहा-बारा अक्षरांसकट, कापून पळवतो. ही चोरी १९८० च्या सुमारास उघडकीला आली होती. चोर कोण हेही माहीत होते: पीए, पीबी१ आणि पीबी२ या तीन प्रथिनांचे मिळून झालेले पॉलिमरेज. त्यातला टोपी धरणारा हात कोणता आणि कात्री कोणाकडे, हे मात्र कळत नव्हते. कात्री पीबी१ कडे आहे असा समज रूढ झाला होता. आख्खे यंत्र मुबलक प्रमाणात बनवता येत नव्हते, त्यामुळे स्फटिक नाही, आणि स्फटिक नाही म्हणून वाद मिटत नव्हता.

हार्ट यांच्या तुकड्यांच्या पद्धतीने ७५९ अमिनो आम्लांच्या पीबी२ मधून एक सुटा भाग हाती लागला, साधारण ३१८ ते ४८३ या क्रमांकांमधला. २००८ मध्ये त्याची रचना टोपीसकट प्रसिद्ध झाली: टोपी धरणारा हात सापडला. त्याच इमारतीत रुइग्रोक आणि क्यूसॅक यांचे गट पीएच्या पहिल्या २०९ अमिनो आम्लांच्या तुकड्यावर काम करत होते. हा तुकडा आरएनए कापतो, मँगनीज मिळाले की जोरात कापतो, आणि त्याच्या स्फटिकात मँगनीजचे दोन अणू नेमके कापण्याच्या जागी बसलेले दिसले. कात्री पीबी१ कडे नव्हतीच, पीएकडे होती. हा निबंध एप्रिल २००९ मध्ये 'नेचर'च्या अंकात आला, आणि त्याच अंकात चिनी शास्त्रज्ञांच्या गटानेही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मांडला होता. त्याच महिन्यात मेक्सिकोतून स्वाइन फ्लूची बातमी आली. ऑगस्टमध्ये त्या साथीतला भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. तोंडाला फडकी बांधून फिरणारे पुणेकर आणि बंद पडलेली शाळा-सिनेमागृहे आपल्यातल्या अनेकांना आठवत असतील.

पुढची कथा सरळ नाही. पीबी२ च्या टोपी धरणाऱ्या हातावर बेतलेले पिमोडिव्हिर हे औषध चाचण्यांच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत गेले आणि २०२० मध्ये सोडून देण्यात आले. पीएच्या कात्रीवर बसणारे बॅलोक्सॅव्हिर जपानमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये मंजूर झाले आणि आज वापरात आहे. ते जपानी कंपनीचे, ग्रनोब्लचे नव्हे. पण ते जिथे जाऊन बसते तो धातूंचा खळगा कुणाकडे आहे आणि कसा आहे, हे या स्फटिकांनी दाखवले. संपूर्ण पॉलिमरेज शेवटी २०१४ मध्ये हाती आले. ते मिळाले ग्वाटेमालातल्या वटवाघळांत सापडलेल्या फ्लूच्या विषाणूकडून. माणसाच्या विषाणूचे प्रथिन रुसून बसले असताना वटवाघळाच्या विषाणूने साथ दिली. आणि मग हात, कात्री आणि छापण्याचे यंत्र एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, टोपी कोणत्या वाटेने आत सरकते, हे एका चित्रात बघता आले.

सगळेच रेणू असे स्थिर बसत नाहीत. गोवराच्या विषाणूचे न्यूक्लिओप्रोटीन घ्या. त्याचे शेपूट घडीच घेत नाही, सतत हलत राहते. अशा प्रथिनाचा स्फटिक करणे म्हणजे वेळ वाया घालवणे. आयबीएसमधल्या मार्टिन ब्लॅकलेज यांच्या गटाने एनएमआर आणि क्ष-किरणांचे लहान कोनातले विकिरण एकत्र वापरून हे शेपूट विषाणूच्या आत कुठे कुठे फिरते ते दाखवले. यासाठी लागणारी मोठ्या चुंबकांची यंत्रे आयबीएसकडेच. भागीदारीची फळे केवळ ब्रॅन्डेन इमारतीत पिकली असे समजायला नको.

तरी आयबीएस बाहेर होते हे खटकत राहिले. २००४ पासून दहा वर्षे त्या संस्थेच्या संचालक असलेल्या पेबे-पेरूला यांच्याच कारकिर्दीत, २०१३ मध्ये, आयबीएस फाटकाच्या आत, ब्रॅन्डेन इमारतीच्या शेजारी नव्या वास्तूत आले. कराराला अकरा वर्षे झाल्यावर चारही शेजारी एका कुंपणात आले. जेवणाचे दालनही एकच. अशा ठिकाणी अनेक प्रयोग ठरतात, असे म्हणण्याचा मोह सगळ्यांना होतो. मला विचाराल तर प्रयोग ठरतात ते प्रथिन नळीत विरघळलेले दिसल्यावर.

नंतरच्या वर्षांत जमीनच हलली. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्फटिकाशिवाय रचना दाखवायला सुरुवात केली आणि २०१७ चे नोबेल या तंत्राला मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ईएसआरएफने एक टायटन क्रायोस सूक्ष्मदर्शक चारही भागीदारांच्या मदतीने वापरकर्त्यांसाठी खुला केला. सिंक्रोट्रॉनने आपल्या दालनात इलेक्ट्रॉनचे यंत्र घ्यावे हे दहा वर्षांपूर्वी कोणाला पटले नसते. डिसेंबर २०१८ मध्ये ईएसआरएफने आपले जुने कडे बंद करून पूर्ण नव्याने बांधले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या ऐन काळात, शंभरपट प्रखर झोत घेऊन ते उघडले. मग प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारी अल्फाफोल्ड ही संगणक प्रणाली आली आणि अनेक रचना संगणकच सांगू लागला. मात्र संगणक कात्रीवर औषध कसे बसते, शेपूट केव्हा कुठे वळते, पाण्याचा कोणता हायड्रोजन कोणाला चिकटलेला आहे, हे अजून भरवशाने सांगत नाही. हायड्रोजनसाठी न्यूट्रॉन लागतात, आणि मोठे, ड्यूटेरियमने भरलेले स्फटिक लागतात. भट्टीचे वय आता पन्नाशीच्या पुढे आहे आणि तिच्यानंतर काय, हा प्रश्न संगमावर सगळ्यांच्या बोलण्यात आहे.

या सगळ्यात भारताचा धागा छोटा असला तरी खरा आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीवर आर. चिदंबरम आणि सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या स्फटिकांतले हायड्रोजन न्यूट्रॉनने शोधले. म्हणजे ग्रनोब्लची भट्टी पेटण्याच्या सुमारास मुंबईच्या खाडीकाठी हेच काम, लहान रेणूंवर, चालू होते. बडोद्याला शिकलेले व्यंकी रामकृष्णन यांनी तरुणपणी अमेरिकेत न्यूट्रॉनने रायबोसोम तपासला, आणि पुढे ज्या रचनांसाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले त्यांच्या मोजमापांत ईएसआरएफचाही वाटा आहे. २०१० नंतर काही वर्षे ईएसआरएफची बीएम१४ ही बीमलाइन ईएमबीएल, ईएसआरएफ आणि भारताचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून चालवली. देशभरातले संशोधक आपले स्फटिक द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवलेल्या डब्यात घालून तिथे जात, किंवा डबा पाठवून इकडूनच मोजमापावर लक्ष ठेवत. विमानतळावर त्या डब्याचे काय करायचे हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला समजावणे हा त्या काळातल्या अनेक पीएच.डी.चा न लिहिलेला धडा होता. इंदूरच्या इंडस-२ वर भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रथिन-स्फटिकांची बीमलाइन उभी राहिली आहे, त्यामुळे आता प्रत्येक स्फटिकाला आल्प्सची वारी घडत नाही. जो इंदूरला पुरेसा मोठा नाही, तो अजून डब्यात बसून संगमावर जातो.